अमळनेरचे तेल आणि बारामती-इंदापूरची घाणी

गेल्या वर्षी इंदापुरातील एका जुन्या तेलघाणीची यंत्रे भंगारात गेली. एक्स्पेलर, त्याचा स्क्रू, तेल गाळण्याची चौकट, चाळण, मोटर, सारे काही किलोच्या भावाने काट्यावर चढले. भंगार घेणारे आमचेच एक स्नेही. त्यांनी निरोप धाडला म्हणून आम्ही पाहावयास गेलो होतो.

घाणी तोट्यातली नव्हती. आसपासच्या खेड्यांतील शेतकरी करडईचे आणि शेंगदाण्याचे पोते आणून टाकीत, गाळणावळ देत आणि डबा भरून तेल घेऊन जात. पेंड गवळी उचलीत. मालक वारले तेव्हा त्यांच्या डोक्यावर बँकेचे कर्ज नव्हते की कोणा अडत्याचे देणे नव्हते. मग घाणी मोडली कशाने? तर वारस पाच आणि यंत्र एक. तीन मुलगे, दोन मुली. आई आधीच अल्लाहला प्यारी झालेली. थोरला म्हणाला, मी चालवतो. मधला म्हणाला, खुशाल चालव, पण माझा हिस्सा आज रोख दे. धाकटा पुण्यात नोकरीला, त्याला यात काही रस नव्हता. बहिणींना कोणी विचारलेच नाही. दोन वर्षे बोलणी झाली, मोहल्ल्यातील चार बुजुर्ग बसले, उठले. या काळात कुलूप लागलेल्या शेडमध्ये स्क्रूला गंज चढला. यंत्र कापून वाटता येत नाही असे आपण म्हणतो. येथे ते गॅसकटरने खरोखरच कापले गेले, आणि आलेले पैसे तिघांत वाटले गेले.

त्यानंतर महिन्याभरातच सरकीच्या पेंडीच्या एका व्यवहाराकरिता आम्हांला खानदेशात जावे लागले. दौंडहून मनमाड, मनमाडहून जळगाव असा आपल्याकडचा नेहमीचा रेल्वेमार्ग. जळगावी काम लवकर उरकले. एक दिवस हाताशी होता. इंदापूरचे ते कापलेले लोखंड डोळ्यांपुढून जात नव्हते, म्हणून सुरत मार्गावरच्या गाडीत बसलो आणि धरणगावच्या पुढे अमळनेरला उतरलो. तेलाच्या धंद्याने एखाद्या लहान गावाचे काय होऊ शकते हे पाहावयाचे, तर महाराष्ट्रात अमळनेरसारखे दुसरे गाव नाही.

बोरी नदीकाठचे हे तालुक्याचे गाव. संत सखाराम महाराजांची गादी येथे आहे. प्रताप शेठजींनी येथे कापडगिरणी काढली, तत्त्वज्ञान मंदिर काढले. साने गुरुजी येथल्याच शाळेत शिक्षक होते. २०२४ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही येथे भरले. म्हणजे नाव मोठे. स्टेशनबाहेर मात्र तोच रिक्षाथांबा, तीच चहाची टपरी, तेच रस्त्यावरचे पाणी. गाव कोट्यधीशांचे आहे असे कोणी सांगितले तर बाहेरचा माणूस हसेल.

आता मूळ गोष्ट. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी या गुजराती मुस्लिम व्यापाऱ्याने अमळनेरसाठी एक कंपनी नोंदविली. नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड. प्रेमजींचे घराणे तांदळाच्या व्यापारातले. खानदेशात भुईमूग मुबलक, रेल्वे दाराशी. तेव्हा शेंगदाण्याचे तेल काढावे, त्याचे वनस्पती तूप करावे असा बेत. त्या वेळी वनस्पती म्हणजे डालडा असेच लोक म्हणत. डालडा १९३७ पासून बाजारात होता आणि त्यामागे मोठी परदेशी कंपनी होती. तिच्यासमोर अमळनेरहून ‘सनफ्लॉवर’ नावाचे वनस्पती निघाले. वर्षभरात कंपनीने आपले शेअर लोकांना विक्रीस काढले. पाठोपाठ फाळणी झाली. अनेक व्यापारी घराणी कराचीला गेली. हे घराणे येथेच राहिले.

वनस्पती होते कसे हे आमच्या कारागीर वाचकांना सांगावयास हवे, कारण खरी मेख तेथे आहे. शुद्ध केलेल्या तेलात निकेलच्या साह्याने हायड्रोजन वायू मुरवितात, म्हणजे ते थिजते, रवाळ होते आणि तुपासारखे दिसते. तूप म्हणून कोणी ते विकू नये यासाठी त्यात पाच टक्के तिळाचे तेल घालण्याची कायद्याने सक्ती होती. तपासणीत तिळाच्या तेलाचा रंग पकडला जातो. परंतु त्याआधी कच्चे तेल क्षाराने धुवावे लागते, आणि त्यात तळाशी एक चिकट गाळ उरतो. आपल्याकडे असला गाळ कोठे जातो? गटारात, नाही तर परसात. अमळनेरच्या कारखान्याने त्याचा कपडे धुण्याचा साबण केला आणि ‘७८७’ या नावाने विकला. तूप विकून नफा, गाळ विकून नफा, पेंड विकून नफा.

एवढ्याने मात्र गाव श्रीमंत होत नाही. कारखाना चालला की कामगाराला पगार मिळतो, हमालाला हमाली मिळते, शेतकऱ्याला भाव मिळतो. नफा मालकाच्या घरी जातो. अमळनेरला निराळे घडले ते त्या शेअरमुळे. कंपनी गावात, म्हणून गावातल्या आणि परिसरातल्या साध्या लोकांनी थोडे थोडे शेअर घेतले. कोणी पाच, कोणी पंचवीस. त्यात शेतकरी होते, दुकानदार होते, कारखान्यात काम करणारेही होते.

मोहम्मद हाशम प्रेमजी ऑगस्ट १९६६ मध्ये वारले. मुलगा अझीम तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत होता, वय २१. तो शिक्षण अर्धे टाकून आला. भागधारकांच्या पहिल्याच सभेत एका भागधारकाने उठून त्याला सुनावले, की हा धंदा तुझ्याच्याने होणार नाही, आपला हिस्सा विकून मोकळा हो. हा प्रसंग प्रेमजींनी स्वतः नंतर अनेकदा सांगितला आहे. इंदापूरच्या घरात जे घडले त्याचीच ही सुरुवात वाटते. बाप गेला, मुलगा कोवळा, हिस्सेदार बिथरलेले. परंतु येथे यंत्र कापावे लागले नाही. ज्याला कंपनीतून बाहेर पडावयाचे होते त्याने आपले कागद दुसऱ्याला विकले; कारखान्याचा एक खिळाही त्यासाठी निघाला नाही.

पुढचे बहुतेकांना ठाऊक आहे. तेल-साबणाच्या पैशातून कंपनी १९७५ च्या सुमारास हायड्रॉलिक यंत्रांत गेली. १९७७ मध्ये तिने विप्रो हे नाव घेतले. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स याचीच ती अक्षरे. त्याच सुमारास आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली आणि संगणकाचे मैदान मोकळे झाले. ऐंशीच्या दशकात विप्रो संगणकात शिरली. मुख्यालय बंगळुरूला गेले. तेल, साबण आणि तत्सम धंदे २०१३ मध्ये मूळ कंपनीतून वेगळे काढून विप्रो एंटरप्रायझेस या निराळ्या कंपनीकडे देण्यात आले. ज्या घाण्यातून हे सारे निघाले तो घाणा आज विप्रोच्या हिशेबात नाहीही.

पण अमळनेरच्या पेटीतले कागद होतेच. आम्ही व्यापारी माणसे, तेव्हा आकडा मांडून पाहू. १९९७ च्या आरंभी एखाद्याजवळ विप्रोचा केवळ एक शेअर होता असे धरा. त्या वर्षी एकाला दोन बोनस मिळाले, एकाचे तीन झाले. १९९९ मध्ये दहा रुपयांच्या शेअरचे दोन रुपयांचे पाच केले, पंधरा झाले. २००४ मध्ये पुन्हा एकाला दोन, पंचेचाळीस. २००५ मध्ये एकास एक, नव्वद. २०१० मध्ये तिनास दोन, दीडशे. २०१७ मध्ये एकास एक, तीनशे. २०१९ मध्ये तिनास एक, चारशे. २०२४ मध्ये पुन्हा एकास एक, आठशे. एका कागदाचे आठशे झाले, आणि त्या आधीच्या वर्षांतील बोनस आम्ही धरलेलेच नाहीत. मध्ये दरवर्षीचा लाभांश आला तो निराळा.

अमळनेरात एका परिचिताच्या ओळखीने आम्ही एका वयस्क भागधारकांच्या घरी बसलो. घर साधे, ओट्यावर चटई. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, त्या आमच्या मनात घर करून आहेत. पहिली अशी, की त्यांच्या वडिलांनी घरात दंडक घातला होता, लग्नकार्य असो की आजारपण, सर्व शेअर विकावयाचे नाहीत, थोडे विकावे आणि उरलेले ठेवावे. दुसरी अशी, की त्यांच्याच आळीतल्या एकाने मुलीच्या लग्नाकरिता होते नव्हते ते सारे ऐंशीच्या दशकात विकले. लग्न थाटात झाले. तो गृहस्थ पुढे आयुष्यभर रोज वर्तमानपत्रात भाव पाहात असे. हे सांगताना म्हातारबुवा हसले नाहीत, आम्हीही हसलो नाही.

येथे थोडे थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाही तर वाचक म्हणतील हे शेअरबाजाराचे दलाल झाले. अमळनेरात कागदाची श्रीमंती आहे, पण ती ज्याच्याकडे कागद राहिला त्याचीच. गावातील तरुण नोकरीसाठी नाशिक, पुणे, सुरत गाठतात. ज्या कापडगिरणीच्या भोंग्यावर एके काळी गावची घड्याळे लागत तिचे दिवस कधीच मागे पडले. आणि एका विप्रोमागे अशा कितीतरी कंपन्या निघाल्या ज्यांचे शेअर आज रद्दीत आहेत. १९९२ च्या हर्षद मेहता प्रकरणात आपल्याकडच्या काही मंडळींनीही हात पोळून घेतले होते, ते त्यांना आठवत असेल. तेव्हा उद्या सकाळी उठून शेअर घ्या असे सांगण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत नाही. कोणत्या कंपनीचा शेअर शरीअतच्या दृष्टीने चालतो आणि कोणत्या नाही, हे ज्याने त्याने जाणकार उलेमांना विचारावे. आम्ही मुफ्ती नव्हे, किराणा आणि पेंडीच्या बाजारातील माणसे आहोत.

आमचा मुद्दा निराळा आहे. शेअर म्हणजे तरी काय? नफ्यातोट्यातला हिस्सा. ही भागीदारीच. आपल्या व्यापारात शिरकत आणि मुदारबत हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्याप्रमाणे वाटून, तोटा झाला तर भांडवलवाल्याचा पैसा जातो आणि मेहनतवाल्याचे श्रम. व्याज नको म्हणून बँकेपासून दूर राहणारा आपला कारागीर भागीदारीपासूनही दूर राहतो, याचे आम्हांला नेहमी आश्चर्य वाटते. कर्ज नको ठीक; पण हिस्सेदारही नको? मग भांडवल यावयाचे कोठून? बायकोच्या दागिन्यांतून, तेही एकदाच.

आणि धडा घ्यावयास अमळनेरपर्यंत तरी कशाला जावे लागते? आपल्या बारामती-इंदापुरात पूर्वी काय होते? जिरायत रान. रब्बीच्या शाळूत करडईचे पट्टे टाकीत, बांधाकडेने करडई लावीत, कारण तिच्या काट्यामुळे जनावर पिकात शिरत नसे. त्या करडईवर आणि भुईमुगावर गावोगावचे घाणे चालत. बैल फिरे, एका घाण्याला दीड-दोन तास लागत, पेंडीत पुष्कळ तेल राहून जाई आणि ती पेंड खाऊन गाई-म्हशी लठ्ठ होत. मग निरेच्या डाव्या कालव्याने बारामतीचा, आणि १९८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या उजनीने इंदापूरच्या भीमाकाठचा नूर पालटला. ऊस आला. ऊसवाल्यांनी काय केले? माळेगावला, भवानीनगरला, पुढे इंदापूर तालुक्यातही शेतकऱ्यांनी शेअर घेऊन सहकारी कारखाने उभे केले. त्या शेअरचा भाव विप्रोसारखा वाढत नाही, तो वाढण्यासाठी नाहीच. पण त्यावर ऊस घालण्याचा हक्क मिळतो, मत मिळते, आणि बाप गेला तर तो मुलाच्या नावे होतो. ज्यांच्याकडे दोन एकर होती तेही कारखान्याचे सभासद म्हणवू लागले. करडईवाले मात्र एकेकटे राहिले. घाणेवाले तर त्याहून एकेकटे.

आमच्या पाहण्यात या तेलाच्या धंद्यात आपली माणसे घाणेवाले म्हणून थोडी आणि भोवतालच्या कामांत पुष्कळ आहेत. एक्स्पेलरचा फिटर आपला, स्क्रूला वेल्डिंग मारून देणारा आपला, पेंडीचा फिरता व्यापारी आपला. वनस्पतीच्या आणि तेलाच्या रिकाम्या डब्यांतून बादल्या, चाळण्या, शेगड्या, कोठ्या करणारा पत्रेवाला तर हमखास आपला. पंधरा किलोचा डबा हे आमच्या कित्येक घरांचे भांडवल होते. आता एकदा वापरलेला डबा खाण्याच्या तेलासाठी पुन्हा वापरावयास बंदी आहे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी डबाच मागे टाकला. पत्रेवाले आळीत बसून आहेत.

घाण्यांवर दुसरा घाला आला तो बाहेरून. १९८६ मध्ये सरकारने तेलबियांचे मिशन काढले आणि नव्वदीच्या आरंभी देश तेलात जवळजवळ स्वावलंबी झाला होता. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली केली, तेव्हा त्यावर ६५ टक्के जकात होती. १९९८ पर्यंत ती १५ टक्क्यांवर आली. आज देशाच्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशातून येते. जकात कधी चढते, कधी उतरते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या पामतेलावरची मूळ जकात २० टक्के केली, मे २०२५ मध्ये ती १० टक्क्यांवर आणली. मलेशिया-इंडोनेशियाच्या झाडांचा आणि दिल्लीच्या एका कागदाचा भाव इंदापूरच्या करडईला लागतो तो असा. त्यात काटेरी करडई काढावयास मजूर मिळत नाहीत. शेजारच्या फलटणला निंबकर संशोधन संस्थेने बिनकाट्याची संकरित करडई काढली, २००१ मध्ये तिचे वाण प्रसारितही झाले. पण उसाचे पाणी ज्याच्या बांधाला आले तो करडईकडे पाहात नाही. आणि वनस्पतीचे म्हणाल, तर त्यातील ट्रान्स फॅट हृदयाला वाईट म्हणून २०२२ पासून त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत ठेवणे बंधनकारक आहे. अमळनेरने वेळीच दुसरा रस्ता धरला नसता, तर आज आम्ही तेथेही भंगारच पाहिले असते.

अलीकडे उलटे वारेही वाहते आहे. लाकडी घाण्याच्या तेलाची पुण्यात मागणी आहे, चांगला भाव मिळतो. आपल्याकडचीही काही मुले लाकडी घाणा मांडून बसली आहेत. विजेवर फिरतो, दिसावयास छान. २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, अनुदान मिळण्याची सोय झाली तेव्हा काहींनी तो घेतला. आमची तक्रार एवढीच, की प्रत्येकाचा घाणा वेगळा, बाटली वेगळी, चिठ्ठी वेगळी. पाच घाणे मिळून एक नाव नाही. पाचांची पेंड एकत्र करून एखाद्या गोठ्याशी वर्षाचा करार नाही. तळाच्या गाळाचा साबण करण्याएवढा गाळ एकट्याकडे साठत नाही; पाचांकडे साठला असता. शेंगदाणा हंगामात एकत्र घेतला तर क्विंटलमागे काय वाचते हे अडत्याला विचारा. त्याला ते पाठ असते.

एकत्र यावयाचे म्हटले की आपले लोक म्हणतात, भावाभावांत लिखापढी कशाला, विश्वास आहे ना! विश्वास असतोच. इंदापूरच्या त्या घरातही होता. परंतु १९३२ चा भागीदारी कायदा काय सांगतो ते पाहा. करारात वेगळे लिहिले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपते. म्हणजे ज्या दिवशी घरात मय्यत, त्याच दिवशी धंदाही संपला. आणि भागीदारीची नोंदणी केलेली नसेल तर एखाद्या गिऱ्हाइकाने पैसे बुडविल्यास तुमच्या फर्मला करारावरून त्याच्यावर दावा लावता येत नाही. नोंदणी सक्तीची नाही, म्हणून कोणी करीत नाही, आणि अडचण आली की वकिलाच्या पायऱ्या झिजवितात. २००८ पासून मर्यादित दायित्वाची भागीदारी हाही मार्ग आहे. त्यास दोघे जण पुरतात. एखादा भागीदार गेला तरी ती संस्था चालू राहते, त्याचा हिस्सा वारसांचा होतो, आणि धंदा बुडाला तर घरावर सहसा टाच येत नाही. हिशेब मात्र दरवर्षी भरावा लागतो. आपल्यापैकी पुष्कळांना नेमके तेवढेच नको असते.

आता त्या दोन बहिणींकडे येऊ. तीन भाऊ, दोन बहिणी म्हणजे शरीअतप्रमाणे आठ भाग: प्रत्येक भावाचे दोन, प्रत्येक बहिणीचा एक. हे आपल्या प्रत्येक घराला तोंडपाठ आहे आणि फार थोड्या घरांत पाळले जाते. कारण विचारले तर सांगतात, दुकान कसे वाटणार, यंत्र कसे वाटणार, बहिणीचे लग्नात देऊन झाले. आमच्या मते हे निमित्त आहे. पण निमित्त मिळते ते धंद्याचा हिस्सा कागदावर नसतो म्हणून. त्याच मालकाने घाणीऐवजी आठशे शेअर मागे ठेवले असते तर? भावांना दोनशे-दोनशे, बहिणींना शंभर-शंभर. ना गॅसकटर, ना पंचायत. घाणी एखाद्या नोंदलेल्या संस्थेची असती आणि तिचे हिस्से लिहिलेले असते, तरी हेच झाले असते. थोरल्याने घाणी चालविली असती, मेहनतीचा पगार वेगळा घेतला असता, आणि वर्षाअखेरी बहिणींच्या घरी नफ्याचा त्यांचा भाग गेला असता. मधल्याला रोकड हवी होती तर त्याने आपला हिस्सा सावकाश विकला असता. आपण मुलींना हक्क देत नाही म्हणून बाहेरच्यांनी बोल लावला की आपल्याला राग येतो. राग येण्याआधी आपल्या दुकानाचा कागद काढून पाहावा.

प्रेमजींच्या घराविषयी एक गोष्ट राहिली. अझीम प्रेमजींनी आपल्या शेअरच्या उत्पन्नाचा मोठा भाग शिक्षणाच्या कामासाठी वाहिला. २०१९ पर्यंत त्याची किंमत १ लाख ४५ हजार कोटी रुपये झाली होती. विप्रोच्या सुमारे दोनतृतीयांश हिश्श्याचा आर्थिक लाभ आता त्या कामाला जातो. कारखान्याचा एक विटेचा तुकडाही न हलविता मालकी दानात गेली. आपल्याकडेही वक्फ आहे, पण आपण वक्फ म्हटले की जमीन आणि इमारत एवढेच डोळ्यांपुढे आणतो. चालत्या धंद्याचा हिस्सा मदरशाला, शाळेला, दवाखान्याला लावून देता येईल काय, यावर जाणकारांनी लिहावे. या पानावर त्याला जागा मिळेल.

परत येताना बारामतीला एका घाणेवाल्यांकडे थांबलो. वय साठीच्या पुढे, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. एक मुलगा घाण्यावर, दुसरा बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला, मुलगी दिली आहे दौंडला. अमळनेरची हकीकत सांगितली. त्यांनी शेंगदाण्याची मूठ दाताखाली फोडून पाहात सगळे ऐकले.

“म्हणजे आम्ही आता कंपनी काढायची म्हणता?”

“कंपनी नको चाचा, आधी कागद तरी करा. दोघे मुलगे, मुलगी आणि तुम्ही.”

“मुलगीपण?”

“तिचा हिस्सा आहेच ना. आज लिहा, म्हणजे उद्या भांडण नको.”

चाचा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मुलाला म्हणाले, जावयाला फोन लाव. आम्ही चहा घेऊन निघालो. पंधरा दिवसांनी त्यांच्या मुलाचा निरोप आला, कराराचा मसुदा करणारा वकील हवा आहे आणि फी किती पडेल. आम्ही पत्ता दिला आहे.

ज्या वाचकांच्या घरी वडील-आजोबांच्या काळातील कोणत्याही कंपनीचे जुने शेअर पेटीत पडून असतील त्यांच्यासाठी एक सूचना. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी ते डीमॅट करावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश उचललेला नसेल तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे वर्ग होतात. तेथून ते परत मिळतात, परंतु त्यासाठी अर्ज आणि वारसाचे कागद लागतात, वेळही लागतो. तेव्हा पेटी आजच उघडून पाहावी आणि कागद सापडल्यास तो कोणा दलालाच्या हाती देण्यापूर्वी त्याची झेरॉक्स काढून ठेवावी.